नाइटमधला न बोलणारा के

फिरोजा चौथीपर्यंत उर्दू शाळेत गेली, मग घरकाम, मग लग्न, आणि पुस्तक सुटलं ते सुटलंच. नवरा वहाब अर्धं आयुष्य आखातात, दोह्यात नोकरीला राहिला. श्रीवर्धनच्या घरात तिने एकटीने मुलं वाढवली, सासूसासऱ्यांचं केलं, सुपारीची वाडी राखली. आता वहाब कायमचा परत आला होता, त्याच्या जागी मुलगा शारिक तिकडे गेला होता, आणि फिरोजाच्या हाताशी पहिल्यांदाच थोडा मोकळा वेळ आला होता. त्या वेळात ती इंग्रजी वाचायला शिकली, नातीसाठी.

नात यशरा दोह्यातल्या इंग्रजी शाळेत. शुक्रवारच्या सुट्टीला ती व्हिडिओ कॉलवर दादीला गोष्ट वाचून दाखवायची. फिरोजाला नुसतं ऐकत बसणं जमेना. तिने शारिककडून तेच पुस्तक मागवून घेतलं आणि शेजारच्या रचनाकडे शिकवणी धरली. रचना हायस्कुलात इंग्रजी शिकवायची. अक्षराला अक्षर लावत फिरोजा वाक्यापर्यंत पोचली.

एका शुक्रवारी जेवणं झाल्यावर तिने जाहीर केलं, "आज मी वाचणार, तू ऐक." गोष्ट घोड्यावरच्या एका शूर सरदाराची होती. फिरोजाने चष्मा सारखा केला आणि एकही अक्षर न गाळता वाचलं, "द के-निघ-ट..."

फोनच्या पडद्यावरून यशरा दिसेनाशी झाली. ती पलंगावर लोळून हसत होती.

"दादी, नाइट. त्यातला के बोलायचा नाही. जी नाही. एचपण नाही."

"बोलायचे नाहीत तर लिहिलेत कशाला?"

"ते सायलेंट आहेत. मिस म्हणते, असंच असतं."

हसण्याचं फिरोजाला काही वाटलं नाही, पण 'असंच असतं' काही केल्या घशाखाली उतरेना. तिने वहाबला विचारलं. तो आडवा झाला होता. "मी तिथं नुसतं बोलत आलो. लिहायची पाळी आली कधी?" म्हणत त्याने कूस बदलली.

रचनाही आधी हसली. "भाभी, पाठ करून टाका. आम्हीही तेच केलं." पण प्रश्न तिच्याही डोक्यात राहिला. चारसहा दिवसांनी ती सकाळीच आली, तेव्हा फिरोजा भाकऱ्या थापत होती.

"सापडलं," रचना चुलीपाशी पाटावर टेकत म्हणाली. "फार पूर्वी ते लोक सगळं बोलायचे. क्निख्त म्हणायचे. पुढे बोलणं बदललं, के गेला, घशातला तो खसुद्धा गेला. पण तोवर छपाई आली होती, लिहायची रीत बसून गेली होती. जीभ पुढे गेली, हात तिथंच राहिला."

"सगळ्यांचं असंच?"

"सगळ्यांचं नाही. बेट म्हणजे आयलंड, त्यातला एस कुणीच कधी बोललं नव्हतं. पंडितांना वाटलं, हा शब्द लॅटिनमधून आलाय, त्यात एस हवा. घातला. खरं तर त्याचा तिकडे संबंधच नव्हता."

"म्हणजे चूक शहाण्यांनी करायची आणि पाठ पोरांनी करायची," फिरोजा म्हणाली, आणि भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. परातीतल्या पिठावर तिने बोटाने उजवीकडून डावीकडे एक शब्द काढला.

"हे बघ. खे, वाव, शीन. आम्ही वाचतो खुश. यातला वाव कुणी बोलत नाही. ख्वाबचंही तसंच, लिहायचा वाव, म्हणायचं खाब. लहानपणी मी वाव बोलले म्हणून उस्तानीने कान पिळला होता. का बोलायचा नाही, ते मी विचारलंच नाही."

रचना पिठावर वाकून बघत राहिली. "मला लिहून दाखवा ना परत," ती म्हणाली. तव्यावरची भाकरी तेवढ्यात करपली. ती फिरोजाने स्वतःच्या ताटात ठेवली.

पुढच्या शुक्रवारी दादीने नातीला सगळं सांगितलं. यशराला 'क्निख्त' इतका आवडला, की ती घरभर तेच ओरडत फिरली आणि शारिक मध्येच येऊन विचारून गेला, "अम्मी, हिला काय शिकवलंस?" मग फिरोजाने कागदावर 'खुश' लिहून फोनसमोर धरला. यशराला घरी उर्दू शिकायला बसवलं की ती रडायची. त्या दिवशी मात्र तिने स्वतःहून विचारलं, "दादी, अजून कुठले सायलेंट आहेत?"

तेव्हापासून वाटणी ठरली. अर्धा वेळ नात शिकवते, अर्धा वेळ दादी. फिरोजा अजून अडखळते, यशरा अजून हसते, आणि दोघींना त्याची सवय झाली आहे. रचना संध्याकाळी येते तेव्हा उर्दूची चार अक्षरं गिरवून जाते.

मागच्या आठवड्यात भुताची गोष्ट निघाली. फिरोजा कुंपणापाशी जाऊन म्हणाली, "रचना, घोस्टमध्ये एच कशाला गं?"

"तो म्हणे छापखानेवाल्यांनी घुसडला. परमुलखात काम शिकून आले होते, तिथल्या सवयीने."

फिरोजा मनापासून हसली. "परमुलखातल्या सवयी घेऊन आलेला एक आमच्याही घरात झोपलाय." मग आत जाऊन तिने वहाबला उठवलं, चहा टाकला, आणि तो पिईपर्यंत त्याला भुताची गोष्ट वाचून दाखवली.