साडूच्या घरचे सहा गुण

आयुष्यात एकही वस्तू धडपणे न विकता माणसांची रांग दारात लावलेला एकच इसम पेणपासून रोह्यापर्यंत मला माहीत आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. मी जुन्या सागवानी दारं-खिडक्यांचा धंदा सायकलला चौकटी बांधून सुरू केला. आज पेणमध्ये माझं स्वतःचं गोदाम आहे, आणि समोरच्याने पहिला आकडा उच्चारायच्या आत त्याचा शेवटचा आकडा मला कळतो. या गृहस्थाने आपली स्कूटर विकताना गिऱ्हाइकाला आधी तिचे सगळे दोष दाखवले, मग "एवढ्या दोषांना एवढी किंमत बरी दिसत नाय" म्हणून भाव आपणच खाली आणला. मी शेजारी उभा होतो. मला घरी येऊन आडवं व्हावं लागलं. आणि ते गिऱ्हाईक? ते अजून दर दिवाळीला त्याच्याकडे फराळाचा डबा घेऊन येतं. माझ्याकडून दरवाजे नेलेल्यांपैकी एकानेही मला करंजी दाखवलेली नाही.

धाटावच्या एका कंपनीत तो शिफ्टमध्ये काम करतो, राहतो रोह्याजवळ वरसेला, आणि रविवारची सुट्टी मिळाली की जेवणाच्या टेबलावर एक राज्य मांडतो. खेळ परदेशी आहे. एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, कोणी योद्धा, कोणी जादूगार. राक्षस, गुहा, खजिना, सगळं तोंडी. प्रत्येक पात्राला सहा गुण असतात: ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण आणि छाप. कोणता गुण किती, ते फासे ठरवतात. चार फासे टाकायचे, सगळ्यात लहान सोडायचा, उरलेल्या तिन्हींची बेरीज घ्यायची. इथपर्यंत पुस्तकातलं, यापुढे साडूचे कायदे. "पुस्तक लिवणारा कधी वरसेला आलाय काय?" असं तो विचारतो आणि पुस्तक फ्रिजवर ठेवून देतो.

त्याचे फासे लोणच्याच्या रिकाम्या बरणीत असतात. पावसाळ्यात ते दमट होऊन जड होतात आणि आकडे लहान पडतात अशी त्याची समजूत आहे, म्हणून ऊन दिसलं की तो ते गच्चीवर वाळत घालतो आणि कावळे हाकत बसतो. आपले फासे आपण टाकायचे नाहीत, शेजाऱ्याने टाकायचे. का, तर "सोताचं नशीब सोता टाकलं की माणूस फुगतो नायतर रडतो. शेजाऱ्यानं टाकलं तर निदान भांडायला कोणतरी असतं." पडले ते आकडे पडले, अदलाबदल नाही. सगळ्यात कहर पुढे आहे. एखाद्याचा गुण कमी असेल तर दुसऱ्याने आपल्या कुठल्याही गुणातला एक आकडा कापून त्याला द्यायचा, एका रविवारी एकदाच, बदल्यात काही न घेता. आणि ज्याने तोंडाने मागितला, तो त्या दिवसापुरता बाद. असल्या कायद्यावर दुकान एक दिवस चालणार नाही. याचं घर मात्र दर रविवारी भरतं.

माझी बायको बहिणीच्या ओढीने तिथे जाते अशी माझी समजूत होती. एकदा तिला आणायला गेलो, तर बाई टेबलाशी उभी! घरी तिचं बोलणं "भाजी काय करू?"च्या पुढे जात नाही, आणि इथे पाचसहा माणसांना हुकूम सोडत होती, "दरवाजा तोडू नका! आधी बिजागऱ्या काढा!" सगळे "वा ताई!" म्हणाले. साडूने तर टाळी दिली. बिजागऱ्यांची अक्कल माझ्या गोदामातली आणि टाळ्या याच्या घरी. माझं डोकं फिरलं. मी खुर्ची ओढून बसलो.

माझे फासे शेजारी बसलेल्या, खांब गावच्या शेतकऱ्याने टाकले. खेळात तो जादूगार होता. मला ताकद सोळा आली, छाप पाच. मी लगेच त्याला म्हटलं, "माझ्या दोन ताकदी घ्या, एक छाप द्या."

"शेठ, हितं भाव होत नाय," साडू म्हणाला. "आन् तुम्ही मागितलंत. आज बाद."

पुढच्या रविवारी मी मागितलं नाही, नुसता उसासा टाकला. "उसासापण मागणंच हाय," साडू म्हणाला. त्याच्या पुढच्या रविवारी मी दुसऱ्याच्या तोंडून सुचवून पाहिलं, तेही पकडलं. बायकोने मात्र आपला दम एकदा बहिणीला दिला, एकदा त्या खांबवाल्याला. परतताना मोटरसायकलवर मी विचारलं, "परक्याला दिलास, नवऱ्याला नाही?"

"तुम्ही मागत होतात," ती म्हणाली.

या दिवाळीच्या सुट्टीतल्या रविवारी तिची तिरंदाज एका भुयारात विषारी काट्यावर पडली. वर्षभर वाढवलेली पोर. साडूच्या राज्यात मेलेलं पात्र परत येत नाही. वीस पैलूंचा फासा टाकायचा. आकडा दमाइतका किंवा कमी पडला तर ती जगणार. आणि दम वाटून वाटून बाईकडे सातच उरलेला. बाकी सगळ्यांची त्या दिवशीची देणी देऊन झाली होती. उरलो मी, कारण मी आजवर कोणाला काही दिलंच नव्हतं. बायको माझ्याकडे बघत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि मागत नव्हती. "काय देशील?" हे शब्द माझ्या जिभेवर आले होते, मी ते गिळले. "माझी एक ताकद हिच्या दमात घाला," मी ओरडलोच.

शेजारी बसलेला म्हणून तिचा फासा मीच टाकायचा होता. टाकला. तीन.

म्हणजे ती सातावरही वाचलीच असती! "माझी परत मिळेल काय?" मी विचारलं.

"नाय," साडू म्हणाला, आणि सगळे एवढे हसले की खांबवाल्याचा चहा सांडला. बायको सगळ्यात जास्त हसली.

परत येताना कोलाड ओलांडलं तेव्हा ती म्हणाली, "दाजींनी नियम किती बरा केलाय ना!" दिलं मी, नाव त्याचं! मी काहीतरी जोरात बोलणारच होतो. पण ती थांबलीच नाही. त्या भुयाराच्या पलीकडे काय असेल, आपण कुठल्या वाटेने जायचं, मला पुढे ठेवायचं की मागे, हे सगळं ती माझ्या खांद्यावरून सांगत राहिली. नागोठणं गेलं तरी सांगतच होती. मी गाडी हळू घेतली.

साडूवरचा राग अजून गेलेला नाही. ही बाई इतकी वर्षं माझ्याच घरात होती, आणि तिच्याशी ओळख व्हायला मला त्याच्या घरी जावं लागलं.