कोपऱ्यात दाबलेलं बटन

हे मी कोणाला सांगितलं नाही. सुनेला नाही, कासाबाईला तर नाहीच. तुला सांगते — तू आमच्या गावची नाहीस म्हणून.

पारोळ्याकडं आमचं गाव. पंचवीसेक वर्षं झाली असतील. डेअरीत कंप्युटर यायचा होता. बायांनी आपलं आपण दाबायचं, गाय की म्हैस, अन् पावती घ्यायची. सून माझी, रेखा, धुळ्याला कंप्युटर शिकलेली. खरं यायच्या आधी तिनं त्याचं सोंग बनवलं. सभेत भिंतीवर एकामागं एक चित्रं दाखवतात ना — त्यातच. पण हुबेहूब! गाय, म्हैस, हिरवं बटन, शेवटी पावती.

डेअरीचे चेअरमन नाना, त्यांच्यासमोर तिनं मलाच बसवलं. म्हणाली, "आईंना जमलं तर साऱ्या बायांना जमेल."

जमलं का? माझा हात कापतो. माऊस सरकवून पडद्यावरचा बाण म्हशीवर न्यावा तर तो कोपऱ्यात पळायचा. कंटाळून कोपऱ्यातच दाबत गेले — तर पावती आली! कुठंही दाबा, पुढचं चित्र यायचंच. रेखा नानांच्या तोंडाकडं बघत होती, बाणाकडं नाही.

"अक्कानं कमाल केली!" नाना बोलले. टाळ्या पडल्या. माझ्यासाठी कोणी कधी टाळी वाजवली होती?

म्हणून गप्प बसले म्हणू? नाही. पुन्हा दाबायला लावलं तेव्हा मी कोपऱ्यातच दाबलं. मुद्दाम.

मग खरं यंत्र आलं. तिथं म्हशीवरच दाबावं लागे. माझं दूध रेखा घालायची, तीच दाबायची — माझं झाकून राहिलं. अन् कासाबाई? माझी शेजारीण. माझा नवरा गेला तेव्हा माझ्या म्हशीला चारा तिनं टाकला. तिचा बाण सारखा गायीवर जाई.

"ओ कासाबाई, तुनी म्हैस गाय व्हई गई का?" मागनं कोणीतरी बोललं. सारी रांग हसली.

"अक्काला जमतं, तुला काय झालं?" नाना म्हणाले.

ती माझ्याकडं वळली. "तुले जमनं, मंग मले काबर नही जमत व माय?"

तेव्हा तरी सांगायचं ना? मी काय म्हटलं — "ध्यान दे. सोपं शे."

ती पुन्हा डेअरीची पायरी चढली नाही. हॉटेलवाल्याला दूध घालू लागली, तो देईल त्या भावात.

अजून माझ्या ओट्यावर येऊन बसते. गल्लीत नवी सून आली की माझ्याकडं बोट दाखवते — "इले कंप्युटर येस. मना डोकामा काही शिरत नही."

मी ऐकून घेते. तिच्या कपात चहा ओतते.