छत गळते का? होय / नाही

मोठीने मागितलेल्या चारही वह्या या पार्सलात आहेत. तिला खानदेशातल्या धाब्याच्या घरांवर काही लिहायचं आहे आणि असले मोजलेले जुने आकडे तिच्या सरांना कुठे सापडत नाहीत, म्हणून तिला आजीची आठवण झाली. मला बरं वाटलं. वह्या पुसल्या, पानांना क्रमांक घातले, फाटलेली कव्हरं बदलली. धाकट्याला यात रस नसेल, तरी त्यानेही हे वाचावं. सगळ्यात खाली एक सुटा कागद ठेवला आहे, आणि त्याचा खुलासा वह्यांमध्ये कुठेच नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी धुळ्याला कॉलेजात भूगोल शिकवत होते. पुण्याच्या काही वास्तुरचनाकारांनी ग्रामीण घरांचा अभ्यास हाती घेतला. गावांत जाऊन घरं मोजणारं, त्यांचे नकाशे काढणारं, इंग्रजीत टिपणं लिहू शकणारं माणूस त्यांना इथलंच हवं होतं. मी होकार दिला. गुरुवारी मला तास नसायचे आणि रविवार मोकळा असायचा. पुढच्या दीड वर्षातले हे दोन्ही वार पारोळ्याकडच्या एका गावाला गेले.

ते दीड वर्ष आठवायला बसले की आधी पाय आठवतात. सकाळच्या एस.टी.ने फाट्यावर उतरायचं, तिथून शेतांमधून तासभर चालायचं, दिवसभर घराघरात वाकून टेप धरायचा आणि संध्याकाळी पुन्हा तेवढंच चालून फाट्यावर बसची वाट बघत उभं राहायचं. घरी आले की तुमचे आजोबा पाण्याची बादली पुढे सरकवत. तिच्यात पाय सोडून मी दिवसाची टिपणं स्वच्छ अक्षरात उतरवून काढत असे. दुसऱ्या दिवसावर काही ठेवायचं नाही, असा माझा नियम होता.

धाबं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं. भिंती मातीच्या, त्यावर सागाच्या तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, त्यावर पऱ्हाट्या म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, त्यावर चिखलाचा जाड थर आणि सगळ्यात वर पांढरी खारी माती. वर सपाट, चालता येईल असं. या मातीतून पाणी सहसा खाली उतरत नाही, पण एक अट असते. दर वर्षी पावसाच्या आधी, मे महिन्याच्या उन्हात, जुनी माती खरवडून काढायची, नवी पाट्यांनी वर चढवायची, भिजवायची, पायांनी तुडवायची आणि चोपून बसवायची. हे काम घरातल्या बाईचं.

अक्काचं घर गल्लीच्या टोकाला होतं. सगळं गाव त्यांना अक्काच म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या. नवरा वारलेला, मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात. त्या एकट्याच राहत. घर इतकं नीट ठेवलेलं, की प्रकल्पाच्या सरांनी पहिल्याच भेटीत त्याचे फोटो काढले. आम्ही गावातल्या तीन घरांत तापमापक टांगले: एक पत्र्याच्या, एक सरपंचांच्या स्लॅबच्या आणि एक अक्कांच्या. मी आत शिरले की अक्का त्यांच्या खानदेशी बोलीत विचारायच्या, "बाई, आज घरले किती ताप शे?"

तुमच्या आजोबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग औषध लिहून दे ना. नुसता ताप काय बघत बसतेस?"

ताप कुठे होता ते वह्यांमध्ये दिसेल. भर दुपारी पत्र्याच्या घरात बसवत नसे, स्लॅबखाली भट्टी असे आणि अक्कांच्या घरात मी पदराने घाम पुसायचंही विसरून जाई. थकून आलेलं माणूस सावलीवर जसं जीव लावतं, तसा मी त्या छतावर लावला. हे आधीच कबूल करून टाकते.

अक्कांचा जीव मात्र दुसरीकडे होता. त्यांचे दोन्ही गुडघे गेले होते. शिडी चढताना त्या प्रत्येक पायरीवर थांबत. "माले आते वर चढावत नई, बाई," असं त्यांनी मला पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं. मुलगा वर्षातून चार दिवस यायचा, तोही दिवाळीत, माती चढवायच्या दिवसांत नाही. घरावर स्लॅब पडावा, म्हणजे पुन्हा त्या शिडीला हात लावायला नको, एवढं एकच त्यांना हवं होतं.

मग ते प्रश्नावलीचं काम आलं. प्रत्येक घराचा एक फॉर्म, मध्ये कार्बन घालून तीन प्रती. वरची पुण्याला, मधली तालुक्याच्या कचेरीला माहितीसाठी, खालची माझ्याकडे. फॉर्मच्या माथ्यावर सूचना छापलेली होती: उत्तर मिळेल तसेच लिहावे.

अक्कांचं घर त्या दिवसाचं शेवटचं होतं. ऊन उतरलं होतं आणि माझं निम्मं लक्ष बसकडे होतं. ओट्यावर शेजारची बाई तूर निवडत बसली होती. अक्कांनी विचारलं, "ह्या कागदवर स्लॅब भेटस का?"

"नाही हो अक्का. हे फक्त अभ्यासासाठी आहे."

"मंग लिखा, काय लिखनं ते."

मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या. मग तो प्रश्न आला. छत गळते का?

"मनं धाबं?" अक्का ताठ झाल्या. "नई गयत." त्या बोलीत ळचा य होतो. धाबं गळत नाही, असं त्या म्हणत होत्या.

शेजारीण तुरीतून डोकं वर न काढता म्हणाली, "मंग ते पातेलं काय देवसाठे मांडेल शे का?"

"तू बोलू नको! तुना घर पानी उना का बठ्ठी गल्ली न्हाई लेस!"

शेजारणीच्या घरात पाणी आलं की सगळी गल्ली न्हाऊन घेते, म्हणे. दोघी हसल्या, मीही हसले. पातेलं मला दिसत होतं. आतल्या कोपऱ्यात, तुळईच्या बरोबर खाली. त्याच्यावरच्या भिंतीवर पांढऱ्या मातीचा ओघळ वाळून बसला होता, तोही दिसत होता. धाबं गळणं म्हणजे त्या घरची बाई आळशी, ही तिथली समजूत मला माहीत होती. सगळं माहीत असताना मी "नाही"वर खूण केली. सूचना तशीच होती, बसची वेळ झाली होती, आणि खरं सांगायचं तर ते छत चांगलं ठरावं असं मलाही वाटत होतं.

पुण्याला अहवाल छान छापला गेला. अक्कांच्या घराचा फोटो पहिल्याच पानावर. तिथल्या परिषदेत मी इंग्रजीत निबंध वाचला, त्यात पारंपरिक छत, स्थानिक साहित्य, नैसर्गिक गारवा हे सगळं होतं. टाळ्या पडल्या. परतीच्या प्रवासात मी धुळे येईपर्यंत झोपले होते.

अहवालाची प्रत अक्कांना दाखवायला म्हणून मी एका गुरुवारी गावात गेले. त्यांनी फोटो बघितला, पदराने पुसला आणि मला परत दिला. म्हणाल्या, "बठ्ठास्नं नाव उनं. मनं नई उनं."

सरकारी घरकुलांची यादी लागली होती आणि तिच्यात अक्कांचं नाव आलं नव्हतं. ज्यांचं छत गळतं त्यांना स्लॅबचं घर. नव्याने घरोघर कोण हिंडणार, म्हणून तालुक्याच्या कचेरीने आमच्याच फॉर्मच्या प्रती काढून त्यावरून यादी केली होती. ग्रामसेवकाने मला मधली प्रत दाखवली. "नाही"पुढची खूण माझी होती. खालची सहीही.

घरी येऊन मी खालच्या प्रतींचा गठ्ठा सोडला आणि दोन दिवस त्यात बसले. उत्तर देणाऱ्याचं नाव एका रकान्यात, गळतीचं उत्तर दुसऱ्यात. दीड वर्षात हे दोन रकाने मी कधी शेजारी ठेवून बघितले नव्हते. घरातल्या पुरुषाने उत्तर दिलं होतं तिथे बहुतेक ठिकाणी "होय" होतं. बाईने दिलं होतं तिथे "नाही". माती चढवणं पुरुषाच्या वाट्याचं नव्हतं, त्यामुळे गळतं म्हणताना त्याचं काही जात नव्हतं. शेजारणीच्या घरी मी गेले तेव्हा ती शेतात होती, उत्तर तिच्या नवऱ्याने दिलेलं. तिला स्लॅब मिळाला. अक्कांच्या घरात उत्तर द्यायला दुसरं कोणी नव्हतंच.

पुण्याला पत्र लिहिलं. सरांचं उत्तर सभ्य होतं: एका घराने निष्कर्ष बदलत नाही. ते बरोबरच होतं. बदलला नाही.

मग पारोळ्याला, तालुक्याच्या कचेरीत खेपा सुरू झाल्या. पहिल्या तीन खेपांना साहेब दौऱ्यावर. चौथ्या खेपेला कारकुनाने कागद समोर ठेवला.

"मॅडम, अक्षर तुमचंच ना?"

"माझंच."

"सहीपण तुमची. मग छत आता कधीपासून गळायला लागलं?"

"तेव्हाही गळत होतं. मी पाहिलं होतं."

"पाहिलं होतं आणि लिहिलं नाही?" त्याने चष्मा काढला. "तुमचा एक कागद खोटा म्हटला, तर बाकीचे खरे कसे धरायचे? अख्खी यादी रद्द करू का? त्यापेक्षा त्या बाईंना ग्रामसभेत उभं राहून सांगू द्या, माझं छत गळतं म्हणून. पुरवणी यादीत नाव टाकतो."

त्याला ते सोपं वाटत होतं. मी निरोप घेऊन गावात गेले, तर अक्कांनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "चार मानसेमा?"

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. पुढे पुरुष, मागे भिंतीला टेकून बाया. माझं पत्र वाचून दाखवलं गेलं. "मी पाहूनही लिहिले नाही" हे वाक्य ग्रामसेवकाने दोनदा वाचलं, पहिल्यांदा त्याला अक्षर लागलं नाही म्हणून. मग अक्कांचं नाव पुकारलं. त्या भिंतीला धरून उठल्या. तालुक्याहून आलेल्या अधिकाऱ्याने विचारलं, "छत गळतं का?"

अक्का पदर सारखा करू लागल्या. पुढच्या रांगेतले एक आबा मान वळवून म्हणाले, "काय गयाले लागनं, अक्का? धाबं का गुडघा?"

पुरुष हसले. अक्का बसायला वाकल्या. त्या बसल्या असत्या तर सगळं तिथेच संपलं असतं. तिथे माझं बोलणं कामाचं नव्हतं. त्या फॉर्मवर मी एकदा बोलून चुकले होते.

तेवढ्यात शेजारीण उभी राहिली. स्वतःचं नाव यादीत आलेलं, तिला गप्प बसता आलं असतं. "तिनं गयस," ती म्हणाली. "मी डोयाघाई देखेल शे. मनं गयस, तुमनं गयस, आबा. बठ्ठास्नं गयस. वर कोन चढस, ते इचारा पहिले!"

कोणी हसलं नाही. मग अक्का, पदर तोंडाशी धरून, म्हणाल्या, "गयस."

अधिकाऱ्याने लिहून घेतलं.

पुरवणी यादीतलं घर बांधून व्हायला आणखी दोन पावसाळे गेले. म्हणजे आणखी दोनदा माती. त्यातल्या एका मे महिन्यात मी गेले, साडी खोचून शिडी चढले आणि शेजारणीबरोबर चिखल तुडवला. अक्का खाली अंगणात बसून सूचना देत होत्या आणि मी तुडवलेली एकही जागा त्यांना पसंत पडत नव्हती. अर्ध्या तासात मला खाली उतरावं लागलं. पुढचे आठ दिवस मी कॉलेजचा जिना धरून चढत होते. तापमापकात हे कुठे येत नाही.

स्लॅब पडल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी पुन्हा गेले. भर दुपार होती. दारातून आत पाऊल टाकलं आणि अंगावर वाफ आली. जुनी पुढची भिंत तशीच ठेवली होती, तापमापकाचा खिळाही होता. त्यावर अक्कांनी चहाची गाळणी अडकवली होती. तापमापक माझ्या पिशवीत होता. मी तो काढला नाही.

"अक्का, फार तापतं हो हे," मी म्हणाले.

"तपस," अक्का म्हणाल्या. त्या खाटेवर पाय लांब करून बसल्या होत्या आणि सुपाने वारा घेत होत्या. त्यांनी एकदा वर स्लॅबकडे पाहिलं. "भट्टी शे नुसती. पन माले वर बलावत नई."

मोठे, वह्यांतले पाऱ्याचे आकडे बिनचूक आहेत, ते खुशाल वापर. गळतीचा रकाना वापरू नकोस. सुटा कागद ही त्याच फॉर्मची खालची प्रत आहे. कार्बन फिका झाला आहे, तरी खूण दिसते.