टाकीची उंची आणि आजींची मोटर

"टाकी बुटकी झालीय, जाधव," साहेब म्हणाले. "लोक म्हणतायत, आणखी उंच हवी होती."

बांधून झालेली टाकी उंच कशी करायची? ते काय कपाट आहे, खाली विटा सरकवायला? पण साहेबांना हे सांगायची सोय नव्हती. मी नुसताच चडफडलो. डिझाइन माझं होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकच्या पाथर्डीकडच्या अंगाला मळे जाऊन प्लॉट पडले होते. कोथिंबीर आणि गुलाबाच्या वाफ्यांवर बंगले उठले, पण पाणी यायचं लांबच्या जुन्या टाकीवरून, करंगळीएवढं. म्हणून घरोघरी टिल्लू आली. टिल्लू म्हणजे नळालाच जोडायची छोटी मोटर. लाइनमधलं पाणी ती ओढून घेते. शेजाऱ्याच्या वाटचंही. बेकायदा काम, पण लोक वास्तुशांतीच्या आधी टिल्लू बसवायचे.

मग आम्ही, म्हणजे महापालिकेच्या पाणीखात्यानं, नवी टाकी बांधली. पाणी साठवायला उंची लागत नाही, ते जमिनीवरही साठतं. उंची लागते प्रेशरसाठी. पाणी जितकं वर, तितकं नळाला जोरात. टाकीखालच्या खांबांच्या सांगाड्याला आम्ही स्टेजिंग म्हणतो. त्याची उंची मी कॉलनीतल्या सगळ्यात चढावरच्या घराकडे बघून ठरवली होती.

ते घर शेवंताआजींचं. आजी सटाण्याकडच्या, गुडघे गेलेले, एकट्याच राहायच्या. नेमकं त्यांच्याच नळाला पाणी येईना. शेजारणीकडून कळशी भरायच्या आणि भिंत धरत धरत घरी आणायच्या.

"भाऊ, टाकी ते मोठी शे," त्या मला म्हणाल्या, "पन मना नळले पानी कोठे शे? मी जास आते गावले परत."

मुलानं हौसेनं बांधून दिलेलं घर कळशीपायी सोडायचं? मला ते फार लागलं.

मी व्हॉल्व्ह तपासले. लाइन तपासली. जमिनीच्या लेव्हल पुन्हा घेतल्या. सगळं बरोबर. शेवटी आजींच्या नळाला प्रेशर गेज लावून बसलो. पाणी सुटलं आणि काटा वर चढला, मी हिशेबानं काढलेल्या आकड्यापर्यंत! मी आजींना हाक मारणार, तेवढ्यात गल्लीतून घूंऽऽ असा आवाज आला. मग दुसऱ्या घरातून. मग सगळीकडून. काटा खाली येऊन शून्यावर टेकला.

टाकी नवी आली, पण जुन्या मोटरी कुणी काढल्याच नव्हत्या.

मी साहेबांकडे गेलो. "पाण्याच्या वेळेत एकदा लाइट बंद ठेवू या."

"लोक बोंब मारतील."

"एकच दिवस, साहेब."

साहेबही त्याच कॉलनीत राहायचे. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमच्याकडेही आहे एक टिल्लू. मिसेसनी बसवलीय."

"चालू असते?"

"शेजाऱ्यांची असते म्हणून."

वीजवाल्यांनी आमचं ऐकलं. त्या सकाळी लाइट गेली, पाणी सुटलं. आजींच्या नळातून आधी हवा फुसफुसली, मग धार अशी आली की खालची बादली सरकली. आजींनी धारेखाली हात धरला.

"उनं रे भाऊ, पानी उनं!" त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. माझेही भरून आले, खोटं कशाला सांगू.

ऑफिसात साहेब म्हणाले, "घरून फोन होता. लाइट नाही म्हणून आरडाओरडा. आणि गच्चीवरची टाकी आपोआप कशी भरली, असं विचारत होती."

काही महिने पाण्याच्या वेळेत लाइट बंद राहिली. मोटरी गंजल्या. मग लाइट बंद ठेवणं थांबलं; आता लोक पुन्हा मोटरी बसवतील, असं मला वाटलं. आजींकडे जाऊन पाहतो तर नळाशेजारी नवीकोरी टिल्लू! दसऱ्याचं हळदकुंकू लावलेली.

"आजी, तुम्हीसुद्धा? पाणी येत नाही का?"

"मस्त येस."

"मग ही कशाला?"

आजींनी भिंतीपलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "वायर जोडेल नही शे. पन शेजारनीले दिसू दे. तिनी मोटर लाई ते मीबी लावसू."

भिंतीपलीकडे शेजारीण भांडी घासत होती. तिची मोटर गप्प होती, आणि तिची गप्प म्हणून पलीकडच्या घरांचीही.

टाकीचं डिझाइन करताना मी वारा धरला, भूकंप धरला, भरलेल्या पाण्याचं वजन धरलं. टाकी अजून उभी आहे. पण त्या गल्लीला पाणी पुरलं, ते आजींच्या वायर नसलेल्या मोटरीमुळे.