झाक गो

माझ्या सासूबाईंच्या तोंडून सकाळी पहिला शब्द निघायचा तो देवाचा नव्हे, "झाक गो" हा. डोळे नीट उघडायच्या आत त्यांना कुठलं तरी भांडं उघडं राहिल्याची शंका आलेली असायची. हंड्यावर ताटली, ताटलीवर फडकं, फडक्यावर पेला. रेडिओला झालरीचं कापड, आरशाला जुना पंचा, मुलाच्या सायकलच्या सीटला प्लास्टिकची पिशवी. सुक्या बोंबलांच्या टोपलीवर झाकण हवं हे मला समजायचं, पण त्या रिकाम्या टोपलीवरही झाकण ठेवायच्या. "आत काय हाय नि काय नाय, लोकांना कशाला?" असं त्यांचं म्हणणं. हसू आलं की पदर तोंडावर जायचा. त्यामुळे त्यांचे पुढचे दोन दात पडलेले आहेत हे मला लग्नानंतर कितीतरी दिवस कळलं नव्हतं.

नाव जानकी, पण चाळीतली मुलं त्यांना झाकूआजी म्हणत. त्या एडवणच्या, समुद्राकाठच्या. त्यांचा मुलगा वसंत, म्हणजे आमचे हे, बोईसरला कारखान्यात लागले आणि कुंभवलीच्या रस्त्याला एका चाळीत आम्ही बिऱ्हाड केलं. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर, एवढाच पसारा. चाळीत बहुतेक घाटावरची कुटुंबं, मीही साताऱ्याकडची. मीनल झाली तेव्हा सासूबाई गाव सोडून आमच्याकडे राहायला आल्या. लुगडं, गाठीची चोळी, आणि सोबत झाकणांचं एक गाठोडं. खोटं सांगत नाही, खरोखर झाकणांचंच.

आता ज्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे ती लिहिताना या वयातही मला अवघडल्यासारखं होतं. गोष्ट आहे ब्लाउजची. लग्नात मी जे ब्लाउज शिवून घेतले त्या सगळ्यांना हूक मागे, पाठीवर. पुण्याच्या माझ्या ताईने फर्मान काढलं होतं की पुढे हूक म्हणजे अगदी काकूबाई. बाळंतपणात माहेरी मी आईचे ढगळ, पुढून उघडणारे ब्लाउज घालत होते आणि सुखात होते. पण सासरी परत निघताना ते नेण्याची लाज वाटली. आईचे जुने ब्लाउज घालून मी बोईसरच्या चाळीत फिरणार होते की काय? ते माहेरीच ठेवले आणि माझी फॅशन घेऊन आले.

मग रोजची परीक्षा सुरू झाली. मीनल भुकेने ओरडायला लागली की तिला चटईवर ठेवायचं, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करायचं, दोन्ही हात पाठीमागे नेऊन हूक चाचपायचे. बाळंतपणात अंग भरलेलं, ब्लाउज तटतटलेला. हूक निघाले की बाह्या सोडवायच्या. तोवर पोर रडून लाल. आणि घर तर कायम उघडं. यांचे पाळीवरचे मित्र चहाला यायचे, शेजारणी विरजण मागायला यायच्या. मीनलला जेमतेम दोन घोट मिळायचे आणि बाहेर कोणाची तरी चप्पल वाजायची. लगेच सासूबाईंचा आवाज, "झाक गो, मानूस आला." मी तिला ओढून बाजूला करायची आणि पुन्हा हूक लावत बसायची. आत छाती ठणकत असायची, चटईवर पोर रडत असायची, आणि मी बाहेर जाऊन हसून चहा द्यायची.

ताईला हे पत्राने कळवलं तर तिने पुण्याहून मॅक्सी पाठवली. फुलाफुलांची, पुढे चेन असलेली. मी ती घालून नळावर गेले आणि परत आले तर सासूबाई दारात उभ्या.

"ह्यो काय झगा?"

"मॅक्सी आहे, आई. पाजायला बरी पडते."

"आनि नळावरचे काय बोलले?"

नळावरच्या काही बोलल्या नव्हत्या, फक्त बघत होत्या. तेवढ्याने माझे कान तापले होते. मी मॅक्सी काढून पेटीत तळाशी घातली. सासूबाईंनी पेटीवर चादर टाकली.

मीनलचं वजन वाढेना. डॉक्टरांनी तिला काट्यावर ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पोट भरत नाही हिचं. अंगावरचं कमी पडतंय, बाटली सुरू करा. असंच चाललं तर दूध आटेलच तुमचं." मला वाटलं, या माणसाने सगळ्या दवाखान्यासमोर माझ्यावर चोरीचा आळ घेतला. दूध कमी नव्हतं. माझे ब्लाउज संध्याकाळपर्यंत कडक व्हायचे इतकं होतं. पण ते डॉक्टरांना सांगायचं तर काय सांगायचं? पाठीमागचे हूक निघत नाहीत म्हणून पोर उपाशी राहते, असं? मी मान खाली घालून बाटलीचं नाव लिहून घेतलं.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या बोंबील निवडत होत्या. "रडती का ती?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यासारखी नाही रडत आता. शहाणी झालीय."

त्यांचा हात थांबला. बराच वेळ त्या मीनलकडे बघत राहिल्या. मग उठून आत गेल्या आणि बोंबलांच्या टोपलीवर झाकण ठेवायचं विसरल्या. मांजराने बोंबील नेले.

त्याच आठवड्यात संक्रांत आली. मीनलचं बोरन्हाण करायचं मी आधीच चाळभर सांगून ठेवलं होतं. काळी चंद्रकळा नेसले, त्यावर काळा रेशमी ब्लाउज, अर्थातच मागे हुकांचा. बाहेरच्या खोलीत बायका दाटीवाटीने बसलेल्या. यांना आणि यांच्या दोन मित्रांना आम्ही स्वयंपाकघरात तिळगूळ देऊन बसवून ठेवलं होतं. मीनलला हलव्याचे दागिने घातले, डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे ओतले. पोरं ते वेचायला धावली आणि त्या गोंधळात मीनल रडायला लागली.

तिच्या रडण्यासरशी मला पान्हा फुटला. काळ्या रेशमावर दोन ओले डाग पसरत गेले. मी पदर ओढून घेतला तर पदरही भिजला. पवारवहिनी कुंकवाची कोयरी हातात धरून बघत राहिल्या. कोणीतरी खुदकन हसलं. स्वयंपाकघरात पुरुष, बाहेर बायका, दार सताड उघडं. मला जायला जागाच नव्हती. "पवारवहिनी, जरा मागचे हूक..." म्हणायला तोंड उघडलं आणि तेही बोलवेना. मीनल थोडी रडली आणि मग आपोआप गप्प झाली. मूठ चोखत छताकडे बघत राहिली.

ती गप्प झाली तशा सासूबाई उठल्या. फडक्यात गुंडाळलेली कोलंबी सोलायची कात्री घेऊन आल्या. माझ्या पुढ्यात बसल्या, आपला तळहात माझ्या अंगाच्या आणि ब्लाउजच्या मध्ये सरकवला आणि गळ्यापासून खालपर्यंत तो रेशमी ब्लाउज कापत नेला. कापड कापल्याचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू गेला असणार, कारण तिथलं बोलणं थांबलं. मी "आई, अहो आई," एवढंच म्हणत होते.

"पाज," त्या म्हणाल्या.

मी झाकायला पदर शोधत होते. त्यांनी माझा हात धरला. "मंग झाक. आदी पाज तिला."

मी पाजलं. सगळ्या चाळीसमोर, मान वर न करता. लाजेने मला दरदरून घाम फुटला होता. ज्या बाईने रिकाम्या टोपलीलाही कधी उघडं ठेवलं नाही, ती माझ्या शेजारी मांडी घालून बसली होती आणि माझ्या अंगावर साधं फडकं टाकायचंही तिला सुचलं नव्हतं. मीनल पीत होती, घटाघट आवाज करत, नाकाने श्वास सोडत. तिचं पोट भरेपर्यंत एकही बाई उठली नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझे उरलेले ब्लाउज काढले. एकेक पुढून कापायचा, तिथे हूक लावायचे आणि पाठ शिवून टाकायची. शिवणात त्यांना काडीची गती नव्हती. टाके एवढे मोठे की दोरा हुकापेक्षा आधी दिसायचा. मी रागाने धुमसत होते. शेवटी म्हणाले, "आई, तुम्हीच तर सारखं झाक झाक म्हणत होता."

त्यांनी सुई थांबवली नाही. "माजी पयली पोरगी व्हती," त्या म्हणाल्या. त्यांना मुलगी होती हे मला माहीत नव्हतं, बहुधा यांनाही नव्हतं. "आमचं घर एकच खोलीचं. सासरा दिसभर दारात बसं, चार मानसं घेऊन. मानसांसमोर चोळीची गाठ कशी सोडू? मी बसं, कवा ती उठतात त्याची वाट बघत. पोरगी रडं, रडं. मग ती रडायचीच थांबली. सगले बोलले, जानकीची पोरगी गरीब हाय, बिलकूल तरास देत नाय."

"मग?"

"पावसात ताप आला नि गेली. सगले बोलतात तापानं गेली." त्यांनी दोरा दाढेखाली धरून तोडला. "मना ठाव हाय ना. गाठ पुढंच व्हती, सुमन. एका हातानं सुटं."

एवढं सांगून त्यांनी पदर तोंडावर घेतला. त्या काय झाकत होत्या ते मी विचारलं नाही. त्यानंतर आयुष्यात पुन्हा त्यांनी हा विषय काढला नाही.

ते ब्लाउज मी वर्षभर घातले. नळावर बायका बघायच्या, आणि मला लाज वाटायचीच. पवारवहिनींनी एकदा विचारलं, "नवीन फॅशन का हो?" तर सासूबाई मागून म्हणाल्या, "हां, एडवनची." बाटली आणलेली होती ती त्यांनी फडताळात ठेवली आणि तिच्यावर अर्थातच झाकण घातलं. मीनल बाळसं धरत गेली, चांगली रडकी झाली. ती भोकाड पसरायची तेव्हा सासूबाईंच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं. "रडूं दे, आवाज चांगला हाय," म्हणायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. पण चप्पल वाजली तरी "झाक" म्हणायच्या नाहीत. बाकी हंडा, रेडिओ, आरसा यांच्या बाबतीत काही सूट नव्हती.

मीनल दहावीला असताना त्यांना पालघरच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथे त्यांना पाठीमागे नाड्या असलेला झगा घातला. हिरवट, पातळ. पाठ उघडी पडते म्हणून त्या हात मागे नेऊन तो धरून ठेवायच्या आणि सुई टोचलेला हात वाकवायच्या. नर्स ओरडायची. मी पहिल्याच दिवशी तो झगा उलटा करून घातला, नाड्या पुढे आणल्या आणि छातीवर गाठ मारली. वरून त्यांचं लुगडं पांघरलं. "झाकलं, आई," म्हटलं, तेव्हा त्यांनी हात सोडला.

शेवटच्या दुपारी त्यांना शुद्ध अशी नव्हती. खोलीत डॉक्टर होते, हे होते, एडवणहून आलेले त्यांचे भाऊ आणि पुतण्या होते. इतके पुरुष खोलीत असताना त्या एरवी डोळेही उघडत्या ना. त्यांचा हात लुगड्याखालून बाहेर आला आणि छातीवरची गाठ चाचपू लागला. एका हाताने त्यांनी नाडीचं टोक ओढलं. गाठ सुटली, झगा बाजूला झाला. डॉक्टरांनी नजर वळवली. भाऊ खाली बघायला लागले. हे घाईने पुढे आले आणि लुगडं ओढून त्यांच्या अंगावर घालू लागले. मला लाजेने तिथे उभं राहवत नव्हतं, पण मी यांचा हात धरला.

"राहू दे," मी म्हणाले.

त्यांचा दुसरा हात कोपरात वाकलेला होता, आत काहीतरी धरल्यासारखा. तो त्यांनी हळूच छातीशी घेतला.

"ये गो," त्या म्हणाल्या.

कोणी बाहेर गेलं नाही. तो हात बराच वेळ तसाच होता. मग सैल पडला. तेव्हा मी वाकले, गाठ नीट बांधली आणि म्हटलं, "पिऊन झालं तिचं, आई. झाकते आता."