माझ्या जागी विहीणबाई गेल्या

मुलीचं पहिलं बाळंतपण दुबईला व्हायचं होतं आणि ते करायला मी जाणार होते. जावई कंपनीच्या कामानं सारखा फिरतो, त्यामुळे विमान कंपनीकडे त्याचे बरेच पॉइंट साठलेले होते. त्या पॉइंटांवरच त्यानं माझं तिकीट काढून फोनवर पाठवलं. आमच्या ह्यांनी ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलं आणि चष्मा लावून दोनदा वाचलं.

साताऱ्यात प्राथमिक शाळेत नोकरी करण्यात माझं आयुष्य गेलं. विमान मी पाहिलं ते आकाशातच. हे फौजेतून निवृत्त झालेले, फौजेच्या विमानातून बर्फात उतरलेले. मला शिकवायची त्यांना हौस होती.

"इमान उठताना कानात दडं बसत्यात. तोंडात गोळी ठेव, गिळत राहा. आन खिडकीकडची जागा मागू नगंस, भ्या वाटंल तुला."

"तुमी पण चला की," मी म्हणाले.

"बाळंतपणात माझं काय काम? तू जा. मी हितं हाय की."

मुलीनं सांगलीच्या जैन घरात लग्न केलं होतं. दोन्ही घरांनी आधी नाही म्हटलं, मग नाइलाजानं हो म्हटलं. आमच्याकडे रविवारी मटण शिजणार, त्यांच्याकडे कांदा-लसूणसुद्धा चालत नाही. विहीणबाईंचे यजमान लग्नाच्या आधीच गेलेले, त्या एकट्याच राहायच्या. आमचं बोलणं सणासुदीला फोनवर, तेही जपून. बाळंतपणाला कोण येणार हा विषय निघाला तेव्हा मुलगी म्हणाली, "मला माझी आईच पाहिजे." विहीणबाईंच्याही कानावर ते गेलं होतं.

जायच्या आधी त्यांना भेटावं, त्या सुनेसाठी काही देणार असतील ते घ्यावं, म्हणून आम्ही दोघं एसटीनं सांगलीला गेलो. विहीणबाईंनी डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळाची दुपटी असं सगळं बांधून ठेवलं होतं. जेवायला बसलो. ह्यांनी डाव्या हातानं पाण्याचा तांब्या उचलला आणि तो हातातून सुटून ताटात पडला. मला वाटलं, निसटला. ते म्हणाले, "काय न्हाई, हात बधिर झालाय." पण शब्द जिभेवरून घसरत होते आणि तोंड एका बाजूला ओढलं होतं. मी नुसती बघत राहिले. विहीणबाईच उठल्या, शेजाऱ्याला हाक मारून गाडी काढायला लावली, आणि आम्ही मिरजेच्या दवाखान्यात पोचलो.

डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गुठळी झाली आहे. जीव वाचेल, पण माणूस लगेच उठणार नाही.

माझं विमान पुढच्या आठवड्यात होतं. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर आम्ही दोघी विहिणी शेजारी शेजारी बसायचो. मुलीला नववा लागला होता. ती फोनवर एकच वाक्य म्हणायची, "आई, तू पप्पांजवळ राहा." आणि मग फोन कापायची, तिचं रडणं मला ऐकू येऊ नये म्हणून.

एका दुपारी जावयाचा फोन आला. तो म्हणाला, "आई, तुमच्या तिकिटावर माझ्या आईचं नाव घालता येतंय का बघतो. विमान कंपनीच्या बाईंना लाइनवर घेतलंय, तुम्ही दोघी ऐका." मी फोन स्पीकरवर टाकला. त्या बाई हिंदीत बोलत होत्या, आवाज गोड आणि घाईचा. नावाच्या स्पेलिंगमधली चूक दुरुस्त करता येते, त्या म्हणाल्या, पण प्रवासी बदलता येत नाही. हे तिकीट रद्द करा, थोडं शुल्क कापून पॉइंट खात्यात परत येतील, मग दुसऱ्या प्रवाशाचं नवीन काढा. जावयानं विचारलं, तीच जागा मिळेल ना? त्या म्हणाल्या, पॉइंटांवर द्यायच्या जागा वेगळ्या असतात, ती परत मिळेलच असं सांगता येत नाही. शिवाय पॉइंट वापरायला ज्यांची नावं आधी नोंदवली आहेत त्यांच्यात या नव्या प्रवाशाचं नाव नाही. ते आधी घालावं लागेल, त्याला काही दिवस जातील.

त्या बाईंनी फोन ठेवल्यावर विहीणबाईंनी मुलाला विचारलं, "कुणाची नावं आहेत रे तिथं?"

तो मग म्हणाला, "तिचं, आणि तिच्या आईवडिलांचं. तू कधी येणार नाहीस असंच म्हणायचीस ना."

"म्हणायचे खरी," विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी पदर सारखा केला. पासपोर्ट त्यांच्याकडे होता, मुलानं लग्नाआधीच काढून दिलेला. तो कपाटातून कधी बाहेर निघाला नव्हता.

"आई," जावई मला म्हणाला, "रद्द करू का? एकदा केलं की परत नाही मिळायचं."

मला आठवतं, मी विहीणबाईंना विचारलं, "जाल ना तुम्ही?" त्या म्हणाल्या, "तिला मी नको होते. पण जाईन." मग मी जावयाला कर म्हणून सांगितलं. थोड्याच वेळात फोन वाजला, तिकीट रद्द झाल्याचा संदेश आला होता. मी आत जाऊन ह्यांच्या पायाशी उभी राहिले. त्यांना काही कळत नव्हतं, म्हणून सांगितलंही नाही.

ती जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली. विहीणबाईंना मिळाली ती त्याच्याही पुढच्या आठवड्यातली. मधल्या काळात मुलीला कळा सुरू झाल्या. बाळंतपण झालं तेव्हा तिच्याजवळ फक्त जावई होता, आणि तोही दाराबाहेर. विहीणबाई पोचल्या तेव्हा नात झालेली होती. मी मिरजेत गोळ्यांच्या रांगेत उभी असताना फोटो आला. बाळाचं कपाळ अगदी ह्यांच्यासारखं होतं.

ह्यांना शुद्ध आली, बोलणंही बरंच आलं. पण त्यांच्या डोक्यात काहीतरी उलटंपालटं झालं होतं. एका सकाळी मी तोंड पुसत असताना त्यांनी विचारलं, "ती पोचली का दुबईला?"

"कोण?"

"आमची मंडळी. तिला सांगितलं हुतं, गोळी चघळ म्हनून. लय भित्री हाय ती."

मी म्हणाले, "आवं, मी हितंच हाय की."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि सभ्यपणानं म्हणाले, "तुमी लय करताय माझं, बाई. पर तिला कळवू नका. काळजी करत बसंल."

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, हळूहळू सुधारेल, वाद घालू नका. पहिले काही दिवस मी वाद घातला. मंगळसूत्र दाखवलं, लग्नातला फोटो फोनवर दाखवला. ते फोटोकडे बघून म्हणायचे, "व्हय, हीच." मग मी सोडून दिलं. त्यांना साताऱ्याला घरी आणलं, तिथंही तेच. रोज सकाळी विचारायचे, आणि मी सांगायचे, पोचली, बरी आहे, नात गोरी आहे, तिकडं ऊन फार आहे. मुलगी फोनवर जे सांगायची तेच मी त्यांना सांगायचे, त्यांच्या बायकोनं तिकडून कळवल्यासारखं. ते समाधानानं ऐकायचे. कधी म्हणायचे, "कवा येनार हाय?" मी म्हणायचे, "बाळाला जरा मोठं होऊ दे."

मुलगी बाळाला घेऊन आली तेव्हा विहीणबाईही तिच्याबरोबर होत्या. मुलीला ह्यांनी लगेच ओळखलं, नातीच्या तळव्यावर बोट ठेवलं. मग मुलीच्या मागं दाराकडं बघत राहिले.

"आईला तिकडंच ठेवून आलीस व्हय गं?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी तिला हे फोनवर कधी सांगितलंच नव्हतं. ती म्हणाली, "पप्पा, ही काय आई." ते हसले, लहान मुलं काहीतरी बोलली की हसतात तसं. विहीणबाईंनी मुलीचा हात धरला आणि म्हणाल्या, "येणार आहेत त्या. पुढच्या विमानानं."

"बरं," ते म्हणाले, आणि डोळे मिटले.

ते दिवाळीच्या आधी गेले. शेवटपर्यंत मी त्यांच्या लेखी दुबईतच होते. बाराव्यानंतर सगळे पांगले, विहीणबाई मात्र दोन दिवस राहिल्या. आमच्या घरात त्या पहिल्यांदाच जेवल्या, मी कांदा-लसूण बाजूला ठेवून केलं. मागच्या दारी बसून मी त्यांना म्हणाले, सांगा ना, कसं होतं सगळं तिथं, पहिल्या दिवसापासून. त्या सांगत राहिल्या. विमानात खुर्चीचा पट्टा लावता येईना ते, मुलीनं आधी त्यांच्याकडे पाठ फिरवली ते, मग तिसऱ्या दिवशी अंघोळ घालताना तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टाकलं ते. मधेच त्या थांबायच्या आणि माझ्याकडे बघायच्या, सांगू की नको अशा. मी म्हणायचे, सांगा.

जावई आता म्हणतो, पॉइंट पुन्हा साठलेत, तुम्ही या. मी अजून हो म्हटलेलं नाही.