चावीकाकांची रेसिडेन्सी

चावीकाका दिसायच्या आधी ऐकू यायचे. पँटच्या पट्ट्याला एक भलीमोठी कडी, कडीला चाव्यांचा घोस, आणि चाल अशी तुरुतुरु की तो घोस कधी गप्प म्हणून बसायचा नाही. आमच्या सरकारी क्वार्टरच्या जिन्यात तो खुळखुळाट ऐकू आला, की आई दाराकडे न बघताच चहाचं आधण वाढवायची. दार उघडायच्या आत काकांचं वाक्य सुरू झालेलं असायचं, "अहो, आज काय झालंय माहितीये का!" आज काहीतरी झालेलंच असायचं. ते दिवसही तसेच होते. टीव्हीवर नवी चॅनलं, रस्त्यावर नव्या गाड्या, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडी बूथ, आणि यमुनेपलीकडे नोएडात मोहरीच्या शेतातून एकेक इमारत वर येत होती. बाकीची मंडळी महागाईच्या नावानं कपाळाला हात लावून बसलेली असायची. काका मात्र जत्रेत आल्यासारखे हिंडायचे.

त्यांचं खरं आडनाव साठे. माझ्या वडिलांच्याच मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. सरकारी नोकरांनी मिळून नोएडात एक हौसिंग सोसायटी काढली, तिचे ते बिनपगारी सेक्रेटरी. इमारत उभी राहिली, पण राहायला येणार कोण? कोणाची बदली गुवाहाटीला, कोणाची त्रिवेंद्रमला, तर कोणाचा दिल्लीतल्या क्वार्टरमधून पाय निघत नव्हता. काका-काकू तेवढे हौसेनं तिथे राहायला गेले. उरलेल्यांनी चाव्या त्यांच्या हवाली केल्या आणि एकच सांगितलं, "साठेसाहब, कभी-कभी खोलकर हवा लगवा देना." बंद घराला ओल धरते, म्हणून अशी चावी विश्वासाच्या माणसाकडे ठेवायची तेव्हा पद्धतच होती. काकांनी मात्र या हवेचा जो अर्थ लावला, तो दुसऱ्या कुठल्याही सेक्रेटरीनं लावला नसता.

एका रविवारी त्यांनी इंग्रजी पेपरात वाचलं की परदेशात लेखकांना आणि चित्रकारांना काही महिने राहायला खोली देतात, जेवायला घालतात आणि बदल्यात काही मागत नाहीत. याला रेसिडेन्सी म्हणतात. तो पेपर हातात घेऊन काका नोएडाहून दोन बस बदलून आमच्याकडे आले.

"अहो, नुसती खोली देतात! ड्युटी नाही, हजेरी नाही. माणूस बसतो आणि पुस्तक लिहितो!"

"आणि नाही लिहिलं तर?" वडिलांनी विचारलं.

"तर नाही लिहिलं! हीच तर गंमत आहे!"

उभा जन्म हजेरीपटावर सह्या करण्यात गेलेल्या माणसाला हजेरी नसलेल्या खोलीचं केवढं अप्रूप वाटलं होतं! "आपल्याकडे काय कमी आहे?" असं म्हणत त्यांनी कमरेचा घोस टेबलावर आपटला तेव्हा कपातला चहा बशीत सांडला.

पंधरवड्यात त्यांची स्वतःची रेसिडेन्सी सुरू झाली. पहिला रेसिडेंट नागपूरचा एक कवी. दिल्लीत मित्राच्या सोफ्यावर झोपून तो कंटाळला होता. काकांनी त्याला तिसऱ्या मजल्यावरचं एक घर उघडून दिलं आणि अटी सांगितल्या. तिन्हीसांजेला दिवा लावायचा, नळ नीट बंद करायचे, भिंतीत खिळा ठोकायचा नाही. मात्र पहिल्या आठवड्यात कवीची एक ओळही लिहून झाली नाही, कारण काका दर तासाला चहा घेऊन हजर. "तुमचं चालू द्या, मी काही बोलत नाही," असं म्हणून समोर बसायचे आणि लगेच बोलायला लागायचे. शेवटी काकूंनीच त्यांना दटावलं. "अहो, त्या पोराला एकटं सोडायला आणलंय ना? मग सोडा की!" त्या दिवसापासून डबा दाराच्या कडीला अडकवायचा आणि बेल न वाजवता परत फिरायचं, असा कायदा झाला. काकांना तो पाळणं किती जड जात असेल, हे त्यांना ओळखणारा कोणीही सांगेल.

दर शनिवारी ते दिल्लीतल्या मंडी हाउसला, नाटक-चित्रांच्या संस्था जिथे आहेत तिथे, जाऊन नोटीस बोर्डांपुढे उभे राहायचे. कुठल्या संस्थेत चित्रकारांना स्टुडिओ मिळतो, कुठे लेखकांना समुद्रकाठी खोली मिळते, शेवटची तारीख कधी, सगळं उतरवून घ्यायचे आणि रात्रीच्या आत ज्याला त्याला फोन करायचे. "संधी आहे, सोडू नकोस!" त्या कवीचा अर्ज तर त्यांनी स्वतः तयार केला. सरकारी शिस्तीनं. प्रत्येक कवितेवर त्यांनी गॅझेटेड अधिकाऱ्याकडून 'ट्रू कॉपी'चा गोल शिक्का मारून आणला, वर कवीच्या चारित्र्याचा दाखला जोडला. कवी डोकं धरून बसला. काका म्हणाले, "अरे, आता या कवितांवर कोणाची शंका घ्यायची छाती आहे?" ती रेसिडेन्सी कवीला मिळाली नाही. काका दुःखी झाले, पण फक्त शनिवारपर्यंत.

माझी गोष्ट या काळातली. मी आर्ट कॉलेजातून नुकती बाहेर पडले होते आणि वडिलांच्या सांगण्यावरून दिलेली बँकेची परीक्षा पासही झाले होते. एप्रिलमध्ये रुजू व्हायचं होतं. वडील वाईट नव्हते. "चित्रं काय, रविवारी काढता येतात," एवढंच त्यांचं म्हणणं. आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये माझे कॅनव्हास कपाटामागे आणि टर्पेंटाइनच्या वासानं आईचं डोकं चढलेलं. मला मनातून पक्कं ठाऊक होतं की एकदा बँकेत शिरले की तो रविवार कधी येणार नाही. अशात एका शनिवारी काकांचा फोन आला. कुमाऊँच्या डोंगरात एका संस्थेनं रेसिडेन्सी सुरू केली होती. स्टुडिओ, राहणं, जेवण आणि एप्रिलपासून उन्हाळाभर तिथेच. अर्जासोबत नव्या चित्रांच्या स्लाइड्स पाठवायच्या होत्या. जानेवारी अखेरची मुदत होती, आणि माझ्याकडे नवं चित्र एकही नव्हतं.

"मंजू, तू नोएडाला ये," काका म्हणाले. "बाबांचं मी बघतो."

आणि खरंच बघितलं. तरुण मुलगी रिकाम्या घरात चित्रं काढणार, असं म्हटलं असतं तर वडिलांनी उडवून लावलं असतं. काका त्यांना म्हणाले, "अहो, माथुरसाहेबांचा फ्लॅट बंद आहे, फिटिंग चोरीला जातायत. दिवसभर लक्ष ठेवायला विश्वासाचं माणूस हवंय. रात्री ती आमच्याकडे झोपेल." ड्युटी म्हटल्यावर वडील नरमले. ड्युटीला नाही म्हणणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

माथुरांच्या त्या हॉलमध्ये मी पहिल्यांदा कॅनव्हास भिंतीला टेकवला, दोन फटकारे मारले आणि सवयीनं अर्धं पाऊल मागे सरकले. क्वार्टरमध्ये तेवढ्यात पाठ कपाटाला लागायची. इथे काहीच लागलं नाही. मी आणखी मागे गेले. आणखी मागे. पार समोरच्या भिंतीपर्यंत गेले आणि तिथून स्वतःचं चित्र बघितलं तेव्हा मला हसूच फुटलं. एवढ्या लांबून मी काढलेलं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं! खिडकीबाहेर मोहरी फुललेली, तिच्यात कधी नीलगायींचा कळप उभा, त्यामागे नव्या इमारतींचे सळयांचे खांब. मी ते सगळं काढत सुटले. भूक लागली की दार उघडायचं, कडीला काकूंचा डबा लटकत असायचा. इतक्या आनंदात मी त्याआधी कधीच नव्हते.

मुदतीला काही दिवस उरले होते, मोठी चित्रं अर्धी ओली होती, आणि एका सकाळी दारात माथुरसाहेब उभे राहिले. सोबत बायको, दोन ट्रंका आणि होल्डॉल. बदली होऊन दिल्लीला आले होते. हॉलभर माझे कॅनव्हास, वर्तमानपत्रं, डबे, आणि नव्याकोऱ्या मोझॅकच्या फरशीवर निळ्या रंगाचा एक थेंब. माथुर जिन्याकडे वळून ओरडले, "साठेसाहब! आपने तो कब्ज़ा करवा दिया!"

दिल्लीत घरमालकाला चोरापेक्षा कब्ज्याची भीती. काका धावत आले.

"कब्ज़ा नहीं जी, रेसिडेन्सी!"

"वो क्या होता है?"

काका मात्र खुलले. त्यांना कोणीतरी प्रश्न विचारला होता! परदेशात कसं असतं, हजेरी कशी नसते, सगळं रंगवून सांगायला लागले. माथुरसाहेबांचा चेहरा लाल होत गेला. "मैंने हवा लगवाने को कहा था, आर्टिस्ट लगवाने को नहीं." तेव्हा कुठे काका थांबले. मग शांतपणे म्हणाले, "गलती मेरी है. पूछना चाहिए था." मराठीत मला नंतर म्हणाले, "विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. म्हणून विचारलं नाही."

त्याच आठवड्यात सोसायटीची मीटिंग झाली. चाव्या विश्वासानं ठेवल्या होत्या, हे मालकांचं म्हणणं खोटं नव्हतं. काकांनी कमरेची कडी सोडली, टेबलावर ठेवली आणि सेक्रेटरीपणाचा राजीनामा दिला. मला वाटलं, आता संपलं. ओले कॅनव्हास घेऊन क्वार्टरमध्ये परत, कपाटामागे, आणि एप्रिलमध्ये बँक. मी सामान बांधायला काकांकडे गेले तर त्यांच्या हॉलमधला दिवाण बाल्कनीत गेलेला, जेवणाचं टेबल उभं करून भिंतीला लावलेलं, आणि काकू जमिनीवर जुनी चादर पसरत होत्या.

"आण तुझी ती जिन्यात ठेवलेली चित्रं," काकू म्हणाल्या. "दोन खोल्या आहेत, पण भिंत मोठी आहे."

"आणि तुम्ही?"

"आम्ही बाहेर," काका म्हणाले. "घरात राहून मी गप्प बसेन, यावर माझा स्वतःचाच विश्वास नाही."

बाहेर म्हणजे खरोखर बाहेर. काकांनी रजा टाकली, आणि जानेवारीच्या थंडीत ती दोघं सकाळपासून जिन्याच्या पायऱ्यांवर घोंगडी पांघरून बसायला लागली. काकू मटार सोलायच्या, काका पेपर वाचायचे आणि महत्त्वाची बातमी कुजबुजत सांगायचे. वरच्या मजल्यावर नुकत्याच आलेल्या सरदारणीनं विचारलं, "भाभीजी, चाबी खो गई?"

"नहीं जी, अंदर काम चल रहा है."

दाराआडून हे ऐकून माझ्या डोळ्यांना धार लागली. पण ब्रश खाली ठेवायची सोय नव्हती. स्वतःच्या घराबाहेर दोन म्हातारी माणसं माझ्यासाठी कुडकुडत होती. आत मी रडत बसले असते तर ते पाप झालं असतं.

चित्रं झाली त्या दुपारी मी दार उघडलं. दोघं आत आली. काका हात मागे बांधून एकेका चित्रापुढे थांबले. पुन्हा पहिल्यापासून गेले.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," ते म्हणाले, आणि एकदम काकूंचे दोन्ही खांदे धरून त्यांना हलवलं. "पण हे आपल्या घरात झालं! अगं, आपल्या घरात!"

अर्जावर पत्ता काकांचा होता, म्हणून माझी निवड झाल्याचं मला कळलं ते त्यांच्याच फोनवरून. मागोमाग ते टॅक्सी करून आमच्याकडे आले. आयुष्यात पहिल्यांदा, असं आई अजून सांगते. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि बँकेचं काय?"

"बँक कुठे पळतेय हो! तिला लाख मुली मिळतील."

वडील उठून खिडकीशी गेले. काका मध्ये एक शब्दही बोलले नाहीत, हे त्या दिवसातलं सगळ्यात मोठं नवल. मग वडील पाठमोरेच म्हणाले, "डोंगरात थंडी असते. तुझ्याकडे जाड स्वेटर आहे का?" मी बँकेत कधीच गेले नाही.

पुढे सोसायटी भरली, काका निवृत्त झाले, पुण्याला मुलीकडे गेले. मी त्यानंतर कितीतरी देशांत कितीतरी रेसिडेन्सींमध्ये राहिले, आणि प्रत्येक ठिकाणाहून त्यांना फोन केला. काका वारले त्याच्या आदल्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला पुण्याला गेले होते. काकू आधीच गेल्या होत्या. हॉलच्या कोपऱ्यात काकांची कॉट, अंगात ताकद नव्हती, आवाज खोल गेलेला. मी नव्या प्रदर्शनाची चित्रं दाखवली, ती त्यांनी भराभर उलटून बाजूला ठेवली. मग माझ्या गुडगावच्या घराची चौकशी केली.

"खोल्या किती?"

"झोपायच्या तीन."

"राहता किती जण?"

"मुलगा बंगलोरला असतो. आता आम्ही दोघंच."

काका कोपरावर भार देऊन उठायला लागले. मुलगी धावत आली, "बाबा, पडून राहा," म्हणाली. त्यांनी तिला हातानं बाजूला केलं. माझं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं की मला दुखलं.

"मंजू," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे असे चमकले की मला ते पंचवीस वर्षांपूर्वीचे दिसायला लागले. "अगं, मग वाट कसली बघतेस?"